दुधगंगा-कृष्णेच्या काठावरील गावांनी भिंत मागावी की दुसरे काही?

दुधगंगेच्या काठावरील एका ग्रामपंचायतीच्या तरुण सदस्यांनी तीन प्रश्न विचारले आहेत. गावाच्या नदीकडील बाजूला संरक्षक भिंत बांधून मिळावी असा ठराव ग्रामसभेत मांडायचा आहे, तो योग्य ठरेल का; पावसाळ्यात कृष्णेवरील कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी खाली ठेवली तर बेळगाव जिल्ह्यातील निपाणी, चिकोडी, कागवाड, रायबाग या भागातील पूर टळेल का; आणि यांपैकी काहीच लवकर होणार नसेल, तर पंचायतीने हातातील तुटपुंज्या निधीत काय करावे. नद्यांच्या पुराचे मोजमाप आणि नियोजन हेच माझ्या नोकरीचे काम राहिले. या सीमाभागातील बरीच पूरग्रस्त गावे मी पाण्यात असताना आणि पाणी ओसरल्यानंतर, अशी दोन्ही वेळा पाहिली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी थेट उत्तर देतो. भिंतीचा ठराव मांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अलमट्टीच्या पातळीचे काटेकोर नियोजन व्हायलाच हवे, परंतु त्याने आपल्या गावचा पूर टळणार नाही; फार तर काही ठिकाणी पाण्याची उंची आणि मुक्काम कमी होईल. तिसरा प्रश्न मात्र सर्वांत मोलाचा आहे, कारण त्याचे उत्तर बेंगळुरू, मुंबई किंवा दिल्लीवर अवलंबून नाही. पूर येणारच असे धरून माणूस आणि जनावर दगावू न देणे, आणि पाणी उतरल्यापासून दूध संकलन, पिण्याचे पाणी, वीज, शाळा व शेती पूर्वपदावर येईपर्यंतचे दिवस कमी करणे, हे काम पंचायतीच्या आवाक्यातले आहे. मी तरी गावाची पूरतयारी याच दिवसांवरून मोजतो.

आता कारणे. आपल्या भागातील पूर आपल्या भागातील पावसाने क्वचितच येतो. चिकोडीत आभाळ कोरडे असताना येडूर, मांजरी, अंकलीच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या सखल रानात, पाणी शिरलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. पाऊस पडतो सह्याद्रीच्या माथ्यावर. तेथून निघालेल्या नद्या घाटाखाली वेगाने उतरतात आणि नंतर सपाटीला लागून मंदावतात. कऱ्हाडला कोयना, सांगलीजवळ हरिपूरला वारणा आणि नरसोबावाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा कर्नाटकात आल्यावर, वेदगंगेला पोटात घेऊन आलेली दुधगंगा कल्लोळजवळ तिला मिळते. म्हणजे चार मोठ्या उपनद्यांचे पाणी पोटात घेऊन, अत्यंत कमी उताराच्या प्रदेशात, मोठमोठी वळणे घेत कृष्णा आपल्यापुढून जाते. येथून पुढे हिप्परगी बंधारा आणि त्यापुढे अलमट्टीचा जलाशय आहे. उतार कमी असल्यामुळे पाणी चढायला वेळ घेते आणि उतरायला त्याहून अधिक वेळ घेते.

संगमाचा स्वभाव नीट समजून घेणे फार आवश्यक आहे, कारण दुधगंगा आणि वेदगंगेच्या काठावरील गावांचे निम्मे दुखणे तेथे आहे. कृष्णा तुडुंब भरून वाहत असते तेव्हा दुधगंगेच्या पाण्याला तिच्यात शिरायला जागा मिळत नाही. यात्रेची मिरवणूक मुख्य रस्त्यावरून चालली असताना गल्लीतील माणसे गल्लीच्या तोंडाशीच तुंबून राहतात, तसे ते पाणी मागे तुंबते. हाच फुगवटा. तो आधी नदीत चढतो, मग नदीला मिळणाऱ्या ओढ्या-नाल्यांत उलटा शिरतो, आणि पुष्कळदा गावात पाणी नदीच्या बाजूने न येता मागच्या नाल्याच्या बाजूने येते. नदीकडे तोंड करून बसलेल्या गावाला पाठीमागून वेढा पडतो तो असा.

म्हणूनच दुधगंगा-वेदगंगेच्या काठी दोन प्रकारचे पूर येतात, असे मी नेहमी सांगत आलो आहे. एक पूर वरून येतो. दुधगंगेवरील काळम्मावाडी किंवा वेदगंगेवरील पाटगाव धरणाच्या खालच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला किंवा धरणातून विसर्ग वाढला की तो येतो. त्याला ओढ असते, तो गढूळ असतो, झपाट्याने चढतो आणि पाऊस थांबला की तितक्याच लवकर उतरतो. जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, बारवाड-कुन्नूर हे बंधारे-पूल पाण्याखाली जातात ते अनेकदा या पुराने. दुसरा पूर खालून येतो. कृष्णेची पातळी चढल्यामुळे फुगलेले हे पाणी संथ असते आणि उतरायचे नाव घेत नाही. पहिल्या पुरात जीव जाण्याची भीती जास्त, कारण लोक सवयीने पुलावरून मोटारसायकल घालतात. दुसऱ्या पुरात पीक, भिंती, विहिरी आणि कमाई जाण्याची भीती जास्त, कारण पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवस बसून राहते. दोन्हींची तयारी वेगळी आहे. ती एकच समजल्यामुळे गावोगावच्या आराखड्यांत घोळ होतो: नौकांची यादी असते, पण दहा दिवसांच्या वैरणीचा हिशेब नसतो.

आता अलमट्टीकडे येतो. या धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आणि साठवण सुमारे १२३ टीएमसी आहे. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये ही पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्यास मान्यता दिली, तेव्हापासून हा विषय दोन्ही राज्यांत तापलेला आहे. २०१९ च्या महापुरानंतर महाराष्ट्राने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. त्या पुराचे मुख्य कारण अलमट्टी नसून अतिवृष्टी आणि नदीपात्रातील अडथळे आहेत, असा तिचा रोख होता. सांगली-कोल्हापुरातील अनेक कार्यकर्त्यांना तो निष्कर्ष मान्य नाही. माझे मत विचाराल तर या वादात दोन निरनिराळे मुद्दे एकत्र कालवले जातात. अलमट्टी रिकामे ठेवल्यास पूर त्यात साठेल, हा एक मुद्दा. अलमट्टी आणि हिप्परगीची पातळी खाली ठेवल्यास वरच्या पाण्याला उतार मिळेल, हा दुसरा.

पहिला मुद्दा साध्या गणिताने तपासता येतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक लाख क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफुटांचा, प्रवाह पूर्ण एक दिवस चालला तर त्यातून ८.६४ टीएमसी पाणी जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अलमट्टीतून पाच लाख क्युसेकहून अधिक विसर्ग करावा लागला होता. पाच लाख क्युसेक म्हणजे दिवसाला ४३ टीएमसी. त्या वेळी धरण निम्मे रिकामे असते आणि येणारे सगळे पाणी अडवले असते, तरी ते दीड दिवसात काठोकाठ भरले असते, आणि पूर तर दहा-बारा दिवस चालला. तेव्हा इतका मोठा पूर अलमट्टीत साठवण्याची कल्पना सोडून द्यावी.

दुसरा मुद्दा मात्र रास्त आहे, आणि तो ठिकाणानुसार कमी-अधिक लागू पडतो. कागवाड, अथणी आणि रायबाग तालुक्यांतील जी गावे हिप्परगीच्या जवळ आहेत, त्यांना खालच्या पातळीचा प्रत्यक्ष परिणाम सोसावा लागतो. निपाणी तालुक्यातील वेदगंगाकाठच्या गावाला तो फारच थोडा जाणवेल. दोन्ही ठिकाणच्या लोकांनी एकच मागणी एकाच स्वरात करणे समजण्यासारखे आहे, परंतु निपाणीच्या गावाने आपली सर्व आशा त्या एका मागणीवर ठेवणे धोक्याचे आहे.

वरच्या धरणांचे गणित उलटे आहे, आणि त्याकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. कोयना सुमारे १०५ टीएमसी, वारणा ३४, काळम्मावाडी २५ आणि राधानगरी साडेआठ टीएमसीच्या आतबाहेर. जितके वर जावे तितका प्रवाह लहान होत जातो, त्यामुळे तेथे ठेवलेली थोडी मोकळी जागाही उपयोगी पडते. काळम्मावाडीत ऐन पावसाळ्यात दोन टीएमसी जागा राखली, तर सुमारे २३ हजार क्युसेकचा येवा (धरणात येणारे पाणी) पूर्ण एक दिवस अडवून धरता येतो. कृष्णा शिगेला असताना दुधगंगेचे तेवढे पाणी एक दिवस थोपवले, तर सदलगा, मलिकवाड, भोज, कारदगा या पट्ट्याला ते नक्की जाणवेल. म्हणून दोन्ही राज्यांच्या पाटबंधारे खात्यांच्या बैठकीत आपल्या तालुक्यांतील लोकप्रतिनिधींनी अलमट्टीइतकाच काळम्मावाडीच्या जुलै-ऑगस्टमधील पातळ्यांचा आग्रह धरला पाहिजे. मात्र राधानगरीची गोष्ट वेगळी आहे. तिचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की आपोआप उघडतात, तेथे माणसाच्या हाती फारसे राहत नाही. शिवाय धरणाखालच्या मोकळ्या खोऱ्यात पडणाऱ्या पावसाला कोणतेच धरण अडवत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये कोयना धरण भरण्याआधीच महापूर आला होता, तो प्रामुख्याने अशा पावसाचा.

आता भिंत. ठराव मांडू इच्छिणाऱ्यांची तळमळ मला कळते. ज्यांनी आपल्या घरात छातीइतके पाणी पाहिले आहे, त्यांना भिंतीची इच्छा होणे स्वाभाविक आहे. पण सखल नदीच्या काठी भिंत काय करते ते पाहा. पूर म्हणजे पात्राबाहेर पसरलेले पाणी, आणि ते पसरते म्हणूनच त्याची उंची मर्यादित राहते. सात हजार एकर मळीच्या रानात एक मीटर पाणी उभे राहिले तर तेथे एक टीएमसी साठते. शिरोळपासून कुडचीपर्यंत दोन्ही तीरांवर अशी किती राने आहेत याचा अंदाज केला, तर काठची शेती हेच एक मोठे धरण आहे हे ध्यानात येईल. प्रत्येक गावाने आपल्या हद्दीत भिंत घातली तर हे धरण नाहीसे होते, आणि तेच पाणी अधिक उंचीने, अधिक वेगाने पुढच्या गावावर जाते. मलिकवाडला भिंत झाली की पाणी समोरच्या दत्तवाडकडे सरकणार. मग तेही भिंत मागणार, आणि दोन्ही भिंतींच्या मध्ये नदी पूर्वीपेक्षा उंच वाहणार. एक गाव कर्नाटकात, एक महाराष्ट्रात. अशा भांडणाचा निवाडा करायला कोण बसणार?

भिंतीच्या आतही अडचण संपत नाही. शंभर एकर गावठाणावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे चार कोटी लिटर पाणी गावातच जमा होते. ते नदीत सोडायला दार ठेवले, तर त्याच दारातून नदी आत येते. दार बंद ठेवले, तर गाव आपल्याच पावसात बुडते. पंप लावले, तर ते चालू ठेवायला त्या वेळी वीज असावी लागते, आणि महापुरात पहिल्यांदा तीच बंद होते. त्यात आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर मातीचा बांध दरवर्षी देखभाल केल्याशिवाय टिकत नाही. बांध नसलेल्या गावात पाणी हळूहळू चढते, लोकांना निघायला वेळ मिळतो. बांध फुटला तर तो वेळ मिळत नाही. सर्वांत मोठी भीती मला हीच वाटते: भिंत झाल्यावर लोक निर्धास्त होतील, भिंतीच्या आड नवी घरे बांधतील, आणि ज्या वर्षी पाणी भिंतीवरून जाईल त्या वर्षी २०१९ पेक्षा अधिक नुकसान होईल.

याला एक अपवाद मी मान्य करतो. दवाखाना, पाण्याची टाकी, रोहित्र, पाणीपुरवठ्याचे पंपघर अशा मोजक्या जागांभोवती लहान, मजबूत कडे घालणे किंवा त्या जागा उंचावणे योग्य आहे. त्याने पुराची वाट अडत नाही.

भिंत नको म्हणताना, आपण नकळत बांधलेल्या भिंतींकडेही पाहिले पाहिजे. महामार्ग आणि मोठे रस्ते पूरक्षेत्रातून जाताना मातीच्या भरावावरून जातात, आणि भरावात पुरेशा मोऱ्या नसतील तर तो भराव आडवा बांध होतो. निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेच्या पुरामुळे पुणे-बेंगळुरू महामार्ग २०१९ आणि २०२१ मध्ये बंद पडला, हे सर्वांना आठवत असेल. अशा ठिकाणी रस्ता आणखी उंच करणे हा सोपा उपाय वाटतो, पण खांबांवरील पूल किंवा भरपूर रुंदीच्या मोऱ्या दिल्याशिवाय उंची वाढवली, तर रस्ता वाचतो आणि वरच्या अंगाची गावे बुडतात. आपल्या हद्दीत कोणतेही रस्त्याचे काम निघाले, की मोऱ्यांची संख्या आणि रुंदी २०१९ च्या पाणीखुणेनुसार ठरवली आहे का, हे पंचायतीने लेखी विचारावे. काम संपल्यावर विचारून काहीही मिळत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्यापूर्वी काढले गेले की नाही, याचीही खातरजमा मे महिन्यातच व्हायला हवी. अडकलेल्या बरग्यांत झाडे, लव्हाळा आणि जलपर्णी गुंतली की बंधारा पुरासमोर धरणासारखा उभा राहतो.

बेळगाव शहराजवळ बळ्ळारी नाल्याचे उदाहरण याच जातीचे आहे. येळ्ळूर, शहापूर, वडगाव शिवारातील भातशेती दरवर्षी पाण्याखाली जाते, दुबार लावणीची वेळ येते. तेथे मोठी नदी नाही, धरण नाही. सपाट शिवार, गाळाने आणि जलपर्णीने भरलेला नाला, आणि काठावरील अतिक्रमणे व भराव एवढे पुरेसे होते.

आता पंचायतीने काय करावे. पहिले काम जवळजवळ फुकट आहे, आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत मोठे आहे: गावाची स्वतःची पाणीखूण आणि तिची वही. मंदिर, शाळा, पुलाचा खांब, नाल्याकाठचे एखादे पक्के घर अशा चार-पाच जागी फुटांच्या खुणा रंगवाव्यात, आणि २००५, २०१९, २०२१ ची पातळी वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवावी. पावसाळ्यात रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ त्या खुणांवरील पाणी वहीत लिहावे आणि त्याच ओळीत वरच्या ठिकाणांचे आकडे लिहावेत: कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी, सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी, राजापूर बंधाऱ्यातून येणारा कृष्णेचा प्रवाह, सदलग्याजवळ दुधगंगेचा प्रवाह, आणि काळम्मावाडीचा विसर्ग. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, आयर्विनला ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, हे आकडे लोकांना पाठ असतात. पण ते कोल्हापूर आणि सांगलीच्या धोक्याचे आहेत. आपल्या गावाचा धोका किती फुटांवर सुरू होतो, आणि राजारामला ४३ फूट झाल्यानंतर किती तासांनी आपल्या नाल्यात फुगवटा चढतो, हे फक्त आपली वही सांगेल. दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की तिच्यावरून दिलेला इशारा वरून येणाऱ्या कोणत्याही सर्वसाधारण इशाऱ्यापेक्षा अधिक उपयोगी ठरतो. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. नरसोबावाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे नदीचे पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिण दाराने बाहेर पडले, की पुढच्या गावांतील जाणती माणसे मळीतील पाण्याच्या मोटारी वर काढायला निघत, ती अशाच नोंदीच्या जोरावर. फक्त ती नोंद डोक्यात होती, कागदावर नव्हती.

महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याची कृष्णा-भीमा खोऱ्यातील नदी आणि पावसाची तत्काळ माहिती संकेतस्थळावर खुली असते. कर्नाटकाच्या राज्य आपत्ती निरीक्षण केंद्राची स्वयंचलित पर्जन्यमापके पंचायत पातळीपर्यंत आहेत. केंद्रीय जल आयोगही पाण्याचे अंदाज देतो. माहितीचा तुटवडा नाही. ती आपल्या खुणेशी जोडणारा माणूस गावात नसतो, ही उणीव आहे. वही सांभाळायला दोन माणसे नेमावीत, शक्य तर एक शिक्षक आणि एक मोटारी सांभाळणारा शेतकरी. आणि इशारा मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत, ध्वनिक्षेपकावरून आणि लिहून, द्यावा. गावातील साठी ओलांडलेल्या बायकांना जी भाषा समजते त्या भाषेत सूचना मिळणे हा जिवाचा प्रश्न आहे, त्याकडे दुसऱ्या कोणत्याही दृष्टीने पाहू नये.

त्या खुणांवरून गावाचा एक नकाशा तयार करावा: पाणी अमुक फुटांवर आले की कोणती घरे, कोणता रस्ता, कोणते रोहित्र आणि कोणती विहीर पाण्यात जाते. महाराष्ट्रात साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखण्याची पद्धत आहे. आपल्याकडे सरकारी रेषेची वाट पाहण्याची गरज नाही; २०१९ ची खूण हीच आपली लाल रेषा माना. तिच्या खाली नव्या घराला परवानगी देताना पंचायतीने निदान जोत्याची उंची आणि दगड-सिमेंटचे बांधकाम ही अट घालावी. कच्च्या विटांच्या भिंती पाणी असेपर्यंत उभ्या राहतात आणि पाणी उतरून ऊन पडले की कोसळतात. पूर ओसरल्यावर लगबगीने घरी परतलेल्या माणसांवर भिंत पडल्याच्या घटना यामुळेच घडतात. परत जाण्याआधी प्रत्येक घराची पाहणी कोणी करायची, हे आधी ठरलेले असावे.

जनावरांविषयी विशेष आग्रहाने लिहितो, कारण आपल्या भागात लोक घर सोडत नाहीत ते बहुतांशी गोठ्यामुळे. म्हैस मागे ठेवून कोणी काळजी केंद्रात (पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रात) जाऊन बसणार नाही, आणि त्याला हट्टी म्हणणे अन्यायाचे आहे. त्या घराची रोजची रोकड तिच्यापासून येते. मग शेवटच्या क्षणी, ओढ असलेल्या पाण्यातून नावेने निघण्याची वेळ येते. २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बचावाची नाव उलटून झालेली जीवितहानी आपण विसरू नये. उंचावरील गायरान, साखर कारखान्याचे किंवा बाजार समितीचे आवार जनावरांसाठी मे महिन्यातच लेखी ठरवून घ्यावे. तेथे पत्र्याचे छप्पर, पाण्याचा हौद, दहा दिवसांचा वाळला चारा आणि दूध गोळा करण्याची सोय असावी. जनावरे आधी हलली की माणसे आपोआप हलतात. दूध संघाची गाडी त्या जागेपर्यंत आली, तर पुराच्या दिवसांतही घरात पैसा येत राहतो, आणि उसनवारीची वेळ टळते.

पुनर्वसनाच्या वसाहतींबाबतही हाच धडा आहे. उत्तर कर्नाटकात पुरानंतर बांधलेली अनेक घरे ओस राहिली, याचे कारण लोकांची नाखुशी एवढेच नव्हते. दोन खोल्यांच्या घरात गोठा, वैरण, कडबा आणि अवजारे बसत नाहीत, आणि शेत चार-पाच किलोमीटरवर राहते. मी तरी सक्तीने संपूर्ण गाव हलवण्याच्या बाजूचा नाही. लाल रेषेखालच्या घरांना उंचावर लहानसा भूखंड, तेथे आधी गोठा आणि एक पक्की खोली, आणि जुने घर उन्हाळ्यापुरते, अशी दोन ठिकाणची सोय अनेक कुटुंबे आनंदाने स्वीकारतात. एक पिढी गेली की मुले आपोआप वर राहायला जातात.

शेतीबाबत थोडक्यात सांगतो. मळीत सोयाबीन किंवा भुईमूग असेल तर चार-सहा दिवसांच्या बुडीत तो जाणार, हे गृहीत धरावे. ऊस शेंडा पाण्यावर असेपर्यंत तग धरतो. शेंड्यात गाळ बसला की तो गेला. म्हणून नदीलगतच्या पट्ट्यात पूर येईपर्यंत उंच झालेला ऊस, वैरणीची पिके आणि थोडी झाडी, आणि वरच्या रानात नाजूक पिके, अशी मांडणी ठेवावी. पाणी उतरल्यावर पहिल्या आठवड्यात चर काढून रानातील पाणी बाहेर काढणे हे खतापेक्षा महत्त्वाचे काम आहे, आणि ते एकट्याने होत नाही, कारण माझ्या रानातील पाणी शेजाऱ्याच्या बांधावरून जाते. सामाईक चरांची आखणी उन्हाळ्यात करून उद्योग खात्रीच्या (रोजगार हमीच्या) कामांत ती बसवावी. नदीकाठचे मोटारींचे पेटारे आणि स्टार्टर काढण्याची सामुदायिक पाळी ठरवली, तर नुकसानीचा मोठा भाग वाचतो.

पिण्याच्या पाण्याचे पंपघर, अंगणवाडीतील धान्य, पंचायतीचे दप्तर, औषधे, रेशन दुकानातील साठा हे सर्व २०१९ च्या खुणेच्या वर असले पाहिजे. नसेल, तर उपलब्ध निधी आधी येथे घालावा. पूर उतरल्यावर विहिरी उपसून क्लोरीन टाकल्याशिवाय कोणी पाणी भरू नये. नुकसानीच्या पंचनाम्यासाठी प्रत्येक घराचा, गोठ्याचा आणि रानाचा पुरापूर्वीचा फोटो पंचायतीत जमा ठेवावा. भरपाईच्या वर्गवारीवरून होणारे वाद पुष्कळदा केवळ आधीच्या पुराव्याअभावी होतात, आणि त्यात खरा गरजू मागे राहतो.

शेवटी, ग्रामसभेतील ठरावाबद्दल. भिंतीऐवजी तीन गोष्टींचा ठराव करावा, असे मी सुचवीन: गावाच्या हद्दीतील सर्व रस्ते-पुलांच्या मोऱ्यांची तपासणी आणि वाढ, काळम्मावाडीच्या जुलै-ऑगस्टमधील पातळ्या व विसर्गाची माहिती थेट काठच्या पंचायतींना मिळण्याची व्यवस्था, आणि जनावरांच्या उंचावरील जागेसाठी जमीन. समोरच्या तीरावरील महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीनेही त्याच मजकुराचा ठराव केला, तर दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे तो एकत्र पाठवता येईल. पाणी दोन्ही तीरांवर एकाच वेळी चढते, त्यामुळे दत्तवाड-मलिकवाडसारख्या जोडगावांनी एकत्र मागितलेली गोष्ट एका राज्याचे गाऱ्हाणे म्हणून बाजूला ठेवणे अधिकाऱ्यांना अवघड जाते. ठरावासोबत आपल्या पाणीखुणांची वही जोडावी. यंदाचा पावसाळा संपेपर्यंत तिची पहिली पाने भरलेली असतील.